डिकीतली फळी आणि पनवेलची गाडी

मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळ सुरू होतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात या रस्त्यावरून कोकणात जाणार्‍या मोटारी पाहिल्या तर बहुतेकांची मागची बाजू खाली दबलेली दिसते. डिकीत तांदळाचे पोते, तेलाचे डबे, मखराचे सामान आणि कपड्यांच्या बॅगा असतात. डिकीच्या तळाला दिसते ती जमीन खरी जमीन नसते. तिच्या खाली जादा चाकाचा खोल खळगा असतो आणि त्यावर दाबून केलेल्या पुठ्ठ्याचे किंवा भुशाच्या फळीचे एक झाकण टाकलेले असते. बॅगांचा भार त्याला पेलतो. तांदळाचे पोते मधोमध ठेवले की ते वाकते आणि दोन-तीन मोसमांत कायमचे खोलगट होते.

यावर घरगुती उपाय म्हणजे लाकडाचा आधार. सुतार डिकीचे माप घेतो, दोन-तीन पट्ट्यांची चौकट करतो आणि तिच्यावर प्लायवुड ठोकतो. काम तासाभराचे असते. पण ते करताना तो एक गोष्ट न विचारता करतो. दोन इंच रुंद आणि एक इंच जाड पट्टी तो आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवतो. असे का, हे त्याला विचारले तर उत्तर मिळते, “आडवी ठेवली तर वाकंल ना!”

हे उत्तर बरोबर आहे. ते किती बरोबर आहे हे ठरवायला युरोपातल्या गणितज्ञांना जवळपास दोनशे वर्षे लागली. आणि ते उत्तर पनवेलच्या सुताराच्या तोंडी यावे, यालाही एक इतिहास आहे. एके काळी हे गाव गाड्यांच्या चाकांसाठी सबंध देशावर प्रसिद्ध होते.

‘डिकी’ हा शब्द

आधी शब्दाकडे पाहू. आपण ज्याला डिकी म्हणतो तिला अमेरिकेत ‘ट्रंक’ आणि इंग्लंडात ‘बूट’ म्हणतात. सुरुवातीच्या मोटारींना सामानासाठी वेगळी जागा नसे. प्रवासी आपली पत्र्याची किंवा चामड्याची पेटी, म्हणजे ट्रंक, गाडीच्या मागे पट्ट्यांनी बांधत. पुढे ती पेटीच गाडीचा भाग झाली आणि नाव टिकले. ‘डिकी’ हे घोडागाडीच्या मागच्या बाजूला नोकराने बसायच्या आसनाचे इंग्रजी नाव. मोटारींतही मागे उघडणारे असे आसन असे. ते आसन गेले, जागा सामानाला मिळाली, आणि भारतात त्या जागेला आसनाचेच नाव राहिले.

थोडक्यात, मोटार ही घोडागाडीची आणि बैलगाडीची वारसदार आहे. तिच्या पहिल्या पिढ्यांचा सांगाडाही लाकडाचाच असे. तेव्हा भार वाहणार्‍या लाकडी तळाचा इतिहास पाहायचा तर बैलगाडीपाशी जायला हवे.

तांड्याकडून गाडीकडे

पनवेल हे खाडीवरचे बंदर. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलला उतरे आणि तिथून घोड्यावर, पालखीत किंवा पायी बोरघाट चढे. मालाचा मार्गही हाच होता. देशावरून धान्य आणि कापूस खाली येई, कोकणातून मीठ वर जाई.

हा माल बराच काळ बैलांच्या पाठीवरून जात असे. वंजारी-लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन घाट उतरत. पाठीवर एक बैल शंभर-सव्वाशे किलो नेतो. तेच दोन बैल चांगल्या रस्त्यावर गाडीला जुंपले तर हजार किलोपर्यंत ओढतात. म्हणजे जनावरे तीच आणि काम चारपट. फरक असा की पाठीवर बैल सबंध वजन उचलतो. गाडीत वजन चाकांवर असते आणि बैलाला फक्त घर्षण आणि चढ यांच्याशी झगडावे लागते.

मग तांडे इतकी वर्षे का टिकले? कारण गाडीला रस्ता लागतो. बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तयार झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. तेव्हापासून देशावरच्या गाड्या थेट पनवेल बंदरापर्यंत उतरू लागल्या.

रस्ता झाला, तरी गाडीही तशी हवी. देशावरच्या जुन्या गाड्यांची चाके भरीव, जड आणि ओबडधोबड असत. गावातल्या गावात खत किंवा दगड वाहायला त्या चालत. घाट ओलांडायला उपयोगाच्या नव्हत्या. १८३६ च्या सुमारास महसुली मोजणीच्या कामावर असलेल्या लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकार्‍याने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णी येथे सुधारित, हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. आर्‍यांच्या चाकांची ही गाडी पुढे दख्खनभर पसरली. आर्‍यांचे चाक भारताला नवे होते असे मात्र नाही. प्राचीन शिल्पांतल्या रथांना ते आहेच. नवे होते ते इतकेच की सामान्य शेतकर्‍याच्या मालवाहू गाडीला ते परवडू लागले.

चाकांचे गाव

यानंतर पनवेलचे महत्त्व झपाट्याने वाढले. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. देशातल्या जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सरकारी गॅझेटियरात पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीची चाके बनवण्याचा उल्लेख आहे. देशावरून येणार्‍या ज्या गाडीवानाला परवडते, तो येथून चाकांची एक जोडी घेऊन जातो, अशा अर्थाची ती नोंद आहे.

एका ओळीच्या या नोंदीत बरेच काही दडले आहे. हा उद्योग पनवेललाच का वाढला असेल? थोडा विचार केला तर तीन कारणे दिसतात. पहिले कारण लाकूड. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या जंगलांत साग, ऐन, खैर, तिवस ही झाडे होती. यांपैकी तिवसाचे लाकूड चिवट असल्याने चाके आणि औते यांसाठी नावाजलेले. उघड्या माळरानाच्या देशावर असे लाकूड दुर्मीळ. दुसरे कारण घाट. घाट उतरताना चाकांची सर्वांत जास्त झीज होते आणि उतरल्यावर पहिला मोठा मुक्काम पनवेलचा. तिसरे कारण म्हणजे परतीचा प्रवास. माल विकल्याने गाडीवानाच्या हातात रोकड असे. दुरुस्ती आणि खरेदी करण्याची वेळ हीच.

२१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कर्जतवरून गेली, पनवेल बाजूला राहिले आणि बंदराचा व्यापार घटला. पण चाकांच्या उद्योगाची वरची नोंद रेल्वे आल्यानंतरची आहे, हे लक्षात घ्यावे. रेल्वेने लांबचा माल नेला, तरी शेतापासून स्टेशनापर्यंत तो गाडीनेच येणार होता. आगगाडीने बैलगाडी संपवली, असे पुस्तकात वाचायला मिळते; काही दशके तरी उलटेच घडले.

चाक आणि धाव

चाकाची रचना थोडक्यात पाहू. भागांची नावे गावोगाव बदलतात. मध्यभागी तुंबा, त्यात बसवलेले आरे, आर्‍यांच्या टोकांवर वर्तुळाचे तुकडे म्हणजे पुठ्ठे किंवा पाटे, आणि सर्वांत बाहेर लोखंडी पट्टीचे कडे, म्हणजे धाव. आर्‍यांना तुंब्यात आणि पुठ्ठ्यांत घट्ट धरून ठेवते ती मुख्यतः धाव.

धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. मग ती गोवर्‍यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतात, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. याचे गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना जमण्यासारखे आहे. दीड मीटर व्यासाचे चाक धरू. परीघ सुमारे ४.७ मीटर. लोखंड दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. तापमान ४०० अंशांनी वाढले तर परीघ वाढतो सुमारे २२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सव्वादोन सेंटिमीटर. तेव्हा धाव चाकापेक्षा किती लहान ठेवायची, याला मर्यादा आली. फार लहान ठेवली तर ती तापूनही चढणार नाही. मोठी ठेवली तर थंड झाल्यावर सैल राहील. सुतार आणि लोहार हे माप सूत्राशिवाय, हातातल्या फिरत्या मापचकतीने साधत. प्रसरणाचा धडा शिकवताना रुळांमधल्या फटींचे उदाहरण आपण देतो. धावेचे उदाहरण त्याहून सरस आहे, कारण इथे प्रसरण टाळायचे नसून कामाला लावायचे आहे.

साटा : गाडीचा तळ

आता ज्यासाठी हे सगळे, त्या तळाकडे वळू. गाडीचा भार ज्यावर बसतो त्या सांगाड्याला साटा म्हणतात. दोन लांब दांड्या, त्यांना जोडणार्‍या आडव्या पट्ट्या, आणि वर फळ्या किंवा बांबू. सगळा भार शेवटी आसावर आणि तिथून दोन चाकांवर जातो. गाडीला स्प्रिंग नसतात. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का थेट साट्याला बसतो.

धक्क्याची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पोते फळीवर हळूहळू टेकवले तर फळी जितकी वाकते, त्याच्या दुप्पट ती वाकते, जर फळीला जेमतेम टेकलेले पोते एकदम सोडून दिले तर. ते वरून पडले तर त्याहूनही जास्त. म्हणून केवळ उभ्या गाडीचे वजन पेलणारा साटा रस्त्यावर टिकत नाही. सुतार आडव्या पट्ट्या जवळजवळ घालतो, जाड बाजू उभी ठेवतो आणि पट्टीच्या मधोमध खालच्या बाजूला खाच पाडत नाही.

या शेवटच्या नियमामागचे कारण असे. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीवर मधे भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. तुटायला सुरुवात खालून होते. तिथेच खाच पाडून पट्टीची उंची निम्मी केली, तर त्या जागी तिची ताकद निम्मी न होता चौथाई होते.

गॅलिलिओचा प्रश्न

चौथाई का? इथे सुताराच्या उत्तराची गाठ विज्ञानाच्या इतिहासाशी पडते. १६३८ मध्ये गॅलिलिओचे ‘दोन नवी शास्त्रे’ हे पुस्तक हॉलंडमधल्या लायडन येथे छापले गेले. त्यातले एक शास्त्र गतीचे, हे सर्वांना माहीत असते. दुसरे शास्त्र वस्तूंच्या मजबुतीचे होते. पुस्तकाची सुरुवात होते ती व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या गोदीपासून. तिथल्या कुशल कारागिरांशी बोलून विचारवंताला पुष्कळ शिकता येते, असे पुस्तकातली पात्रे सुरुवातीलाच मान्य करतात.

याच पुस्तकात गॅलिलिओ आपला सुताराचा प्रश्न विचारतो. रुंदी जास्त आणि जाडी कमी असलेली पट्टी आडवी ठेवण्यापेक्षा कडेवर उभी ठेवली तर मोडायला किती पट अवघड? त्याचे उत्तर : रुंदी आणि जाडीच्या गुणोत्तराइतक्या पट. दोन इंच बाय एक इंच पट्टी उभी ठेवली तर ती दुप्पट भार सोसेल. हे उत्तर आजही बरोबर आहे. पट्टीची ताकद तिच्या रुंदीच्या पटीत वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते.

गंमत अशी की उत्तर बरोबर असले तरी त्यामागचे चित्र चुकलेले होते. पट्टीचा संपूर्ण छेद ताणाखाली आहे आणि ती तळकडेभोवती वळून मोडते, अशी त्याची कल्पना होती. एका बाजूला ताण, दुसर्‍या बाजूला दाब आणि मधे दोन्ही नसलेला एक थर, हे चित्र पुढे फ्रान्समध्ये स्पष्ट होत गेले. पॅरांने १७१३ मध्ये, कुलोंने १७७३ मध्ये आणि नेव्हियेने १८२६ मध्ये त्यात भर घातली. नेव्हियेच्या मांडणीनंतर पट्टी किती वाकेल हेही नेमके सांगता येऊ लागले. तो नियम असा : पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो आणि वाक आधारांमधल्या अंतराच्या घनाच्या पटीत वाढतो.

बोरघाटाचा रस्ता खुला झाला तो यानंतर चारच वर्षांनी. घाटाखाली चाके आणि साटे घडवणार्‍या सुतारांना नेव्हियेचे नाव कानावर जाण्याचे कारण नव्हते. पण त्यांच्या पट्ट्या उभ्याच होत्या.

डिकीकडे परत

साटा पुढेही टिकला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एस.टी. बसची बॉडी लाकडी होती. मालट्रकही दीर्घकाळ कारखान्यातून नुसती चासी म्हणून बाहेर पडत आणि त्यांवर स्थानिक कारागीर लाकडी हौदा बांधत. बैलगाडीला रबरी हवेची चाके आली, ‘डनलॉप गाडी’ हे नाव रुळले आणि लाकडी चाकांची मागणी ओसरली. सुतार दरवाजे, खिडक्या आणि फर्निचराकडे वळले. हातातले ज्ञान मात्र तेच होते. डिकीचा लाकडी आधार हे त्याचेच धाकटे रूप.

आता त्या आधाराकडे नियमांच्या नजरेने पाहू.

झाकणाखाली मधोमध एक आधार दिला की आधारांमधले अंतर निम्मे होते. फळी तीच राहिली तरी मधे ठेवलेल्या तेवढ्याच भाराखाली वाक आता आठव्या हिश्शाइतकाच उरतो. ६ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचे प्लायवुड घातले तरी ताठपणा आठपटच वाढतो, पण वजन दुप्पट होते. म्हणून जाड फळीपेक्षा पातळ फळी आणि खाली उभी पट्टी हे स्वस्त आणि हलके. ५० बाय २५ मिलिमीटरची पट्टी आडवीऐवजी उभी ठेवली तर ताकद दुप्पट आणि ताठपणा चौपट, तेही एक पैसा जास्त न घालता.

व्यवहारातल्या काही गोष्टी सूत्रात सापडत नाहीत. डिकीचा तळ सपाट नसतो. म्हणून खोली किमान चार ठिकाणी मोजावी आणि आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहावा. चौकटीचे पाय पातळ पत्र्यावर टोकाने टेकू नयेत, पत्रा दबतो. पायाखाली रुंद पट्टी द्यावी. लाकूड पत्र्यावर घासून करकरते, त्यासाठी मधे जुन्या रबरी ट्यूबची पट्टी चिकटवावी. डिकीच्या पत्र्याला भोक पाडून स्क्रू मुळीच मारू नये. तिथून गंज सुरू होतो आणि काही गाड्यांत त्याच्या जवळपास खाली इंधनाची टाकी असते. जादा चाक आणि जॅक सहज निघतील अशी फळी उचलता आली पाहिजे. गॅसवर चालणार्‍या गाडीत सिलिंडर डिकीत असेल तर त्याच्या व्हॉल्व्हला अडथळा होऊ देऊ नये आणि चौकटीचा भार सिलिंडरवर टाकू नये. जड सामान खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून ठेवावे. अचानक ब्रेक लागला तर मोकळी फळी आणि मोकळे पोते दोन्ही पुढे धावतात, कारण जडत्वाला डिकी आणि बैलगाडी सारखीच.

नोंद कोणी करायची?

पनवेलच्या चाकांबद्दल गॅझेटियरात एखादी ओळ आहे. ती लिहिणार्‍या अधिकार्‍याला व्यापार मोजायचा होता. चाकाला कोणते लाकूड, ते किती वर्षे वाळवायचे, धाव किती लहान करायची, साट्याच्या पट्ट्यांत किती अंतर ठेवायचे, हे त्याने विचारले नाही. ज्यांना माहीत होते ते लिहीत नव्हते. ते बापाने मुलाला हाताखाली घेऊन शिकवले, आणि मुलाने धंदा बदलला तेव्हा शिकवणेही थांबले. व्हेनिसच्या कारागिरांना निदान एक गॅलिलिओ भेटला.

या तुटीचा दुसरा भाग आपल्या वर्गात आहे. सुताराचा मुलगा किंवा मुलगी आपल्यासमोर बसते, पुस्तकातले तरफेचे आणि बलाचे धडे पाठ करते आणि घरी चालणार्‍या कामाचा या धड्यांशी संबंध आहे असे तिला वाटत नाही. कारण तसे तिला कोणी सांगितलेले नसते. ‘आडवी ठेवली तर वाकंल’ हे वाक्य तिने शंभरदा ऐकलेले असते. त्याच वाक्यावर गॅलिलिओने एक शास्त्र उभे केले हे कळले, तर ती धड्याकडे आणि वडिलांच्या कामाकडेही वेगळ्या नजरेने पाहील.

एक साधा प्रयोग करता येईल. पातळ लाकडी किंवा प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन पुस्तकांवर टेकवा, मधे दोर्‍याने एक पिशवी टांगा आणि तीत एकेक नाणे टाकत वाक मोजा. मग पुस्तके जवळ आणून अंतर निम्मे करा आणि तेवढ्याच नाण्यांना पुन्हा मोजा. घनाचा नियम ढोबळपणे का होईना, डोळ्यांसमोर येईल. नंतर पट्टी दोन्ही बाजूंनी आधार देऊन कडेवर उभी करा. वाक मोजताच येणार नाही इतका कमी होईल.

आणि प्रयोगानंतर विद्यार्थ्यांना गावातल्या सर्वांत वयस्कर सुताराकडे वही घेऊन पाठवा. गाडीच्या भागांची तुमच्या गावातली नावे, लाकडांची नावे, मापे आणि त्या मापांची कारणे त्यांनी उतरवून घ्यावीत. “हे असंच का?” हा प्रश्न प्रत्येक मापाला विचारावा. काही उत्तरे चुकीची निघतील, काहींची कारणे सुतारालाही सांगता येणार नाहीत. ती सगळी तशीच लिहून घ्यावीत. तपासायला पुढे वेळ मिळेल. सांगणारी माणसे आज आहेत.